मेसेज लिहून लिहून इंग्रजी बिघडतंय का?

मृदुला

गेली बावीस वर्षं कॉलेजात इंग्रजी लेखन शिकवतेय. परवा रात्री पहिल्या वर्षाच्या निबंधांचा गठ्ठा घेऊन बसले होते. एका मुलीच्या पेपरात तिसऱ्याच ओळीत 'यू' हा शब्द नुसत्या एका अक्षरात लिहिलेला, खाली 'बिकॉज'चं 'सीयूझेड', आणि 'मी' या अर्थाचा 'आय' जिथे तिथे स्मॉल. मुलगी हुशार आहे, वर्गात मुद्दा नेमका मांडते. निबंधातही मुद्दा होता. पण ती अक्षरं बघून माझं डोकं असं तडकलं की पुढचे दोन परिच्छेद मी वाचलेच नाहीत, नुसती लाल वर्तुळं काढत गेले.

मग पेन खाली ठेवलं आणि स्वतःलाच विचारलं, की हे नक्की काय चाललंय? स्टाफरूममध्ये आम्ही सगळे एकच वाक्य बोलतो: या मेसेजनी पोरांच्या इंग्रजीचं वाटोळं केलं. मीही बोलते. पण ते खरं आहे का हे मी कधी तपासलेलं नाही. जे डोळ्यांना खुपतं त्यावर खापर फोडणं सोपं असतं.

माझं आजचं मत विचाराल तर नुकसान होतंय असंच आहे. पण ते बदलायची तयारी ठेवून विचारतेय. शिकवणारे, लिहिणारे, भाषेचा अभ्यास केलेले, सगळ्यांनी लिहा. आणि माझ्या मताला पटवून खोडता आलं तर जरूर खोडा.

शाईपेन

मृदुलाताई, मी तीस वर्षं इंग्रजी मजकुराची मुद्रितं तपासली. तुमच्या मताशी पूर्ण सहमत, आणि ते बदलू नका.

शब्द आखूड होणं ही बारीक गोष्ट आहे. मोठी गोष्ट म्हणजे हात. हाताला जे वळण लागतं ते कागद बदलला म्हणून बदलत नाही. दिवसातून पन्नास वेळा जो माणूस वाक्याची सुरुवात स्मॉल अक्षराने करतो, पूर्णविराम गाळतो, लिहिलेलं एकदाही न वाचता पाठवतो, तो एकावन्नाव्या वेळी एकदम नेटका कसा होईल?

हे नुसतं माझं म्हणणं नाही. अमेरिकेतल्या प्यू या संशोधन संस्थेने २००८ साली बारा ते सतरा वयाच्या मुलांनाच विचारलं होतं. निम्म्या मुलांनी कबूल केलं की शाळेच्या लेखनात कॅपिटल अक्षरं आणि विरामचिन्हं यांत त्यांची ढिलाई येते. ३८ टक्क्यांनी एलओएलसारखी ('लाफिंग आउट लाउड', म्हणजे खूप हसू आलं) लघुरूपं शाळेच्या कामात वापरल्याचं सांगितलं, पंचवीस टक्क्यांनी हसरे चेहरे. मुलं स्वतःच सांगताहेत की गळती होते. यापेक्षा वेगळा पुरावा काय हवा?

अनुस्वार

शाईपेन काका, आकडे बरोबर आहेत. पण त्यातून 'बिघडलं' हे कसं निघतं ते मला कळत नाही. कधीतरी एकदा वहीत एलओएल लिहिलं याचा अर्थ त्या मुलाला तिथे काय लिहायला हवं होतं ते माहीत नाही, असा होत नाही.

मी भाषाविज्ञान शिकलेय, आणि या विषयावर मुलांना घेऊन झालेलं काम बऱ्यापैकी वाचलंय. जरा सविस्तर लिहिते.

इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री विद्यापीठात बेव्हरली प्लेस्टर आणि क्लेअर वुड यांच्या गटाने दहा ते बारा वयाच्या ८८ मुलांवर अभ्यास केला, तो २००९ मध्ये छापून आला. मुलांना प्रसंग द्यायचे आणि त्यावर मेसेज लिहायला सांगायचं. मेसेजमध्ये लघुरूपांचं प्रमाण किती ते मोजायचं, आणि त्याच मुलांची वाचनाची चाचणी घ्यायची. अपेक्षा काय असेल? जास्त लघुरूपं म्हणजे कच्चं वाचन. निघालं उलटं. जी मुलं जास्त लघुरूपं वापरत होती त्यांचं शब्दवाचन सरस होतं. वय, स्मरणशक्ती, शब्दसंग्रह हे सगळं हिशेबात धरूनही हा संबंध टिकला.

का असेल? 'ग्रेट'चा शेवट ८ च्या आकड्याने लिहायचा तर त्या शब्दात 'एट' हा आवाज दडलाय हे आधी ऐकू यावं लागतं. शब्द फोडून त्यातले ध्वनी ओळखणं हेच तर वाचायला शिकण्याचं मूळ आहे. मुलं खेळता खेळता नेमका तोच व्यायाम करत होती.

आता कोणी म्हणेल, हुशार मुलंच जास्त खेळत असतील. रास्त शंका. म्हणून त्याच गटाने पुढे एक प्रयोग केला, २०११ मध्ये तो प्रसिद्ध झाला. नऊ-दहा वर्षांची, स्वतःचा मोबाइल कधीच नसलेली ११४ मुलं घेतली. काहींना दहा आठवड्यांच्या काळात शनिवार-रविवार आणि सुटीत मेसेज पाठवायला फोन दिले, बाकीच्यांना नाही. शेवटी दोन्ही गटांच्या वाचन-शुद्धलेखनात लक्षणीय फरक सापडला नाही. म्हणजे मोठा फायदा नाही, पण नुकसानही नाही.

कीबोर्ड

छान चाललंय. मी दूरसंचारातला माणूस, भाषेतलं फार कळत नाही, पण ही लघुरूपं आली कुठून त्याची तांत्रिक बाजू सांगतो. लोक समजतात की पोरांच्या आळसातून आली. आळसाचा त्यात वाटा थोडा.

फ्रीडहेल्म हिलेब्रांड नावाच्या जर्मन अभियंत्याने १९८५ मध्ये टाइपरायटरवर मनाला येतील तशी वाक्यं टाइप करून अक्षरं मोजली. जवळपास प्रत्येक वाक्य १६० अक्षरांच्या आत बसत होतं. पोस्टकार्डांवरचा मजकूरही साधारण तेवढाच भरायचा. फोनचं जाळं आपापसांत निरोप द्यायला जी अरुंद वाट वापरायचं, त्यात १४० बाइट्स बसत होते, म्हणजे एका बाइटचे आठ याप्रमाणे १,१२० बिट्स. एका अक्षराला सात बिट्स धरले की १,१२० भागिले सात, बरोबर १६०. देवनागरीसारख्या लिपीला एका अक्षराला सोळा बिट्स लागतात, म्हणून तिथे मर्यादा थेट ७० वर यायची. इंग्रजीला तरी जागा ऐसपैस होती.

३ डिसेंबर १९९२ ला जगातला पहिला मेसेज गेला. नील पॅपवर्थ या तरुण इंजिनिअरने तो पाठवला, मजकूर 'मेरी ख्रिसमस'. स्पेलिंग पूर्ण, एकही अक्षर गाळलेलं नाही. कारण साधं आहे. त्याने तो कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर टाइप केला होता.

लघुरूपांचा खरा जन्म बारा बटणांच्या फोनवर झाला. आठवतंय का? 'यू' हा पूर्ण शब्द लिहायला ९ चं बटण तीनदा, ६ चं तीनदा, ८ चं दोनदा, एकूण आठ वेळा दाबायला लागायचं. नुसतं 'यू' अक्षर लिहायचं तर दोनदा. 'सी', म्हणजे बघणे, पूर्ण लिहायला आठ दाब, वर दोन 'ई'च्या मध्ये थांबायचं. 'सी' हे एकच अक्षर तीन दाबांत. वर अनेक ठिकाणी मेसेजमागे पैसे. असं असताना पूर्ण शब्द कोण लिहील?

आणि अनुस्वार यांच्या 'ग्रेट'ची एक गंमत. मी आत्ता जुना हँडसेट काढून मोजलं. पूर्ण शब्दाला आठ दाब लागतात. आठच्या आकड्याने लिहिलं तरी आठच, कारण तो आकडा त्याच बटणावर टी-यू-व्हीनंतर चौथा येतो. बटण दाबून धरलं तर पाच. म्हणजे काटकसर म्हणावी तर या शब्दात जवळपास नाहीच. तो निव्वळ खेळ होता, लोकांना आवडला म्हणून टिकला.

सांजवेळ

वाचतेय. कीबोर्ड, ते दाब मोजणं फार आवडलं.

खलिता

अनुस्वार आणि कीबोर्ड यांच्या पुढे इतिहासातलं थोडं.

इंग्रजी आखूड होतेय ही तक्रार मोबाइलच्या जवळपास तीनशे वर्षं आधीपासूनची आहे. जोनाथन स्विफ्टने १७१० मध्ये 'टॅटलर' या नियतकालिकात लोक शब्दांची शेपटं तोडतात म्हणून संताप व्यक्त केला होता. त्याच्या डोळ्यांत खुपणारा एक शब्द होता 'मॉब', म्हणजे जमाव. 'मोबिले वल्गस' या लॅटिन शब्दजोडीचा तो तुकडा. हा शब्द रोखण्यासाठी आपण वर्षानुवर्षं झटतोय असं त्याने लिहिलंय. आज 'मॉब' लिहिला म्हणून कुठला परीक्षक गुण कापेल? दोनच वर्षांनी, १७१२ मध्ये, इंग्रजी भाषा दुरुस्त करून कायमची पक्की करावी असा रीतसर प्रस्तावच त्याने मांडला. तो फळाला आला नाही.

१८३९ मध्ये बोस्टनच्या वर्तमानपत्रांत मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरं लिहायची टूम निघाली होती. 'ऑल करेक्ट'चं वाकडं स्पेलिंग करून त्याची दोन अक्षरं २३ मार्चला छापली गेली. ते आपलं 'ओके'. बाकीची टूम विरून गेली, हे एक जगभर पोचलं.

'ओएमजी' ही तर सध्याच्या पिढीची खूण मानतात. ९ सप्टेंबर १९१७ ला ब्रिटिश नौदलाचे वयोवृद्ध अ‍ॅडमिरल लॉर्ड फिशर यांनी विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात ते आहे, आणि पुढे 'ओ माय गॉड' असा खुलासाही. शंभर वर्षांपूर्वीचा, सत्तरी ओलांडलेला अ‍ॅडमिरल.

तारेच्या काळात तर अख्खी लघुलिपी होती. १८७९ च्या फिलिप्स कोडमध्ये बातमीदारांसाठी शेकडो आखूड रूपं ठरवून दिली होती. अमेरिकेचे अध्यक्ष या अर्थी वापरला जाणारा 'पोटस' त्याच परंपरेतला.

आणि आपल्या पत्रांतलं सा. न. वि. वि. आणि ता. क. लिहिताना कोणाला कधी मराठीची काळजी वाटली?

शाईपेन

खलिता, इतिहास रोचक आहे. पण तुमच्या प्रत्येक उदाहरणातला माणूस आधी पूर्ण भाषा शिकलेला होता, मग त्याने ती आखूड केली. फिशर यांच्या हाताखालून हजारो पूर्ण वाक्यं गेली होती. तार करणाऱ्या बातमीदाराची बातमी दुसऱ्या दिवशी पूर्ण वाक्यांतच छापून यायची. माझी चिंता त्या मुलाची आहे ज्याने घर बांधायच्या आधीच पाडकाम शिकलंय.

आणि अनुस्वार, तुम्ही तुमच्या बाजूचे दोन अभ्यास दिलेत. अमेरिकेतलाही एक आहे. पेनसिल्व्हेनियात ड्रू सिंजेल आणि श्याम सुंदर यांनी दहा ते चौदा वयाच्या २२८ मुलांची व्याकरणाची चाचणी घेतली, २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. मेसेजमध्ये लघुरूपं जास्त, तितके व्याकरणाचे गुण कमी. तो का गाळलात?

अनुस्वार

गाळला नाही काका, त्यावर येणारच होते. पण विचारलंत ते बरं केलंत.

त्या अभ्यासात दोन गोष्टी एकत्र दिसतात एवढंच कळतं. कशामुळे काय झालं ते कळत नाही. व्याकरण कच्चं असलेली मुलं लघुरूपं जास्त वापरत असतील, किंवा दोन्हींमागे तिसरंच काही असेल. कॉव्हेंट्रीच्या पहिल्या अभ्यासालाही हीच मर्यादा आहे हे मी मान्य करते, म्हणून तर २०११ च्या प्रयोगाला मी जास्त किंमत देते. तिथे फोन कोणाला द्यायचे हे संशोधकांनी ठरवलं होतं.

पण तुमचं घराचं उदाहरण मला मनापासून पटलं. त्याला माझ्याकडे आत्ता उत्तर नाही.

एक मात्र सांगते. मेसेज म्हणजे लघुरूपांचा नुसता खच, हीच समजूत मुळात चूक आहे. टोरंटो विद्यापीठात सॅली टॅग्लियामॉन्टे आणि डेरेक डेनिस यांनी सत्तरएक किशोरवयीन मुलांच्या चॅटमधले दहा लाखांहून जास्त शब्द तपासले. २००८ चं काम. एलओएल आणि त्याचे भाऊबंद मिळून भरले २.४ टक्के. डेव्हिड क्रिस्टल यांनीही त्याच वर्षी मांडलं होतं की मेसेजमधले दहातले नऊहून जास्त शब्द नेहमीच्याच स्पेलिंगमध्ये असतात. आपल्याला उरलेलेच दिसतात, कारण ते वेगळे दिसतात.

आभाळमाया

मी शिकवत नाही, लेखकही नाही. तेरा वर्षांच्या मुलीची आई आहे. एक अनुभव सांगते.

मागच्या महिन्यात लेकीने इंग्रजीतून मेसेज केला, आज उशीर होईल, चालेल का. मी कामात होते. 'ओके' लिहिलं आणि सवयीने पुढे पूर्णविराम दिला. मिनिटाभरात तिचा फोन. आवाज रडवेला. "आई, तू एवढी का चिडलीस?" मला काही कळेना. संध्याकाळी तिने मला बसवून समजावलं. नुसतं ओके म्हणजे बरं. ओकेमध्ये शेवटचं अक्षर दोनदा लिहिलं तर प्रेमाने बरं. आणि पूर्णविराम दिला तर विषय संपला, पुढे बोलू नकोस. तिच्या मैत्रिणींत हे सगळ्यांना ठाऊक आहे. कोणी शिकवलेलं नाही, पण चुकलं तर मन दुखावतं इतकं पक्कं आहे.

त्यानंतर मी तिची शाळेची वही बघितली. प्रत्येक वाक्याला पूर्णविराम. एकही गाळलेला नाही. मी विचारलं, इथे कसा देतेस? तर म्हणाली, "आई, ही वही आहे."

अनुस्वार

आभाळमाया, हे इतकं नेमकं सांगितलंत! अगदी याच गोष्टीवर प्रयोग झालाय. अमेरिकेत बिंगहॅम्टन विद्यापीठात सेलिया क्लिन यांच्या गटाने १२६ विद्यार्थ्यांना छोटी संभाषणं दाखवली. एका शब्दाच्या उत्तरानंतर पूर्णविराम असला की ते उत्तर कमी मनापासूनचं वाटलं. तीच उत्तरं हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवली तर फरक पडला नाही. मेसेज ही वेगळी जागा आहे, तिथलं चिन्ह वेगळं काम करतं हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं.

जॉन मॅकव्हॉर्टर हे भाषाशास्त्रज्ञ म्हणूनच मेसेजला लेखन मानतच नाहीत, बोटांनी केलेलं बोलणं मानतात. बोलताना आपण आवाज चढवतो, भुवई उडवतो, हुंकार देतो. कागदावर यातलं काहीच नसतं. मग लिहिणारे हाताशी असलेल्या चिन्हांतूनच ते घडवतात. जो घरी बोली बोलतो आणि अर्ज प्रमाण मराठीत लिहितो, त्याची मराठी बिघडली असं आपण म्हणतो का? त्याला दोन मराठी येतात.

गणितमास्तर

सहमत. फक्त एक भर. २००६ मध्ये न्यूझीलंडच्या परीक्षा मंडळाने सांगितलं होतं की उत्तरातून विषय समजल्याचं स्पष्ट दिसत असेल तर लघुरूपं वापरली म्हणून गुण जाणार नाहीत. भाषेवरच गुण आहेत तिथे ही सूट नव्हती. माझ्या विषयात मी असंच करतो. प्रमेय बरोबर सिद्ध झालंय ना, मग 'बिकॉज' कसं लिहिलं त्याने मला काय फरक पडतो?

शाईपेन

फरक पडतो मास्तर. तुम्ही सोडून देता, मी सोडून देतो, मग सांगणार कोण?

वाटसरू

सगळा धागा दोनदा वाचला. बरेच दिवस कुठे बोललो नव्हतो ते लिहितो.

माझं सगळं शिक्षण मातृभाषेतून झालं. इंग्रजी विषय होता, पण तो गाइडमधून पाठ करून पास व्हायचा विषय. इंग्रजी खऱ्या अर्थाने हातात आली ती फोनवर. मित्रांच्या ग्रुपमध्ये, खेळाच्या चॅटमध्ये. तिथे मी रोज इंग्रजी वाचली, लिहिली, आणि भीती गेली. शाळेने बारा वर्षांत जे केलं नाही ते चॅटने दोन वर्षांत केलं. त्याबद्दल मी कायम ऋणी राहीन.

मग पहिली नोकरी लागली. तिसऱ्या आठवड्यात एका वयस्क ग्राहकाला मेल पाठवायची होती, काही कागद हवे होते. मी शेवटी लिहिलं, 'प्लीज रिप्लाय एएसएपी', म्हणजे 'ॲज सून ॲज पॉसिबल', शक्य तितक्या लवकर. माझ्या समजुतीने ते अदबीचं वाक्य होतं. मित्र मला रोज तसंच लिहायचे, मला ते 'सवड झाली की लगेच' असं वाटायचं. वर 'यू' एका अक्षरात. त्याचा अर्थ 'तुम्ही' एवढाच होतो अशी माझी खात्री होती.

ग्राहकाने माझी मेल माझ्या साहेबांना पाठवली. खाली एकच ओळ होती, की तुमचा नवा मुलगा मला हुकूम सोडतोय. साहेबांनी ती सगळ्यांसमोर वाचली. कोणी रागावलं नाही, पण पुढचे सहा महिने माझी प्रत्येक मेल आधी दुसऱ्या कोणाला तरी दाखवायचा नियम झाला.

अनुस्वार, तुमचे अभ्यास खरे असतील. पण ती मुलं इंग्लंडमधली, कॅनडातली, अमेरिकेतली. त्यांच्या घरात इंग्रजी, शाळेत इंग्रजी, रस्त्यावरच्या पाटीवर इंग्रजी. आभाळमायांची लेक म्हणाली, 'ही वही आहे.' तिला दोन खोल्या माहीत आहेत म्हणून ती एका खोलीतून दुसरीत जाते. मला एकच खोली माहीत होती. ती वाईट नव्हती हो. पण दुसरी आहे हेच मला कोणी सांगितलं नव्हतं.

मेसेजने माझी इंग्रजी बिघडवली असं मी कधीच म्हणणार नाही. बिघडायला आधी काहीतरी असावं लागतं.

शाईपेन

वाटसरू, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मी पाडकामाचं म्हणालो ते चुकीचं होतं. तुम्ही बांधतच होतात, फक्त नकाशा अर्धा मिळाला होता. माझं उत्तर मला मिळालं.

अनुस्वार

मलाही. मी वाचलेल्या त्या सगळ्या अभ्यासांत इंग्रजी ही मुलांच्या रोजच्या कानावरची भाषा होती. ज्यांची इंग्रजी प्रामुख्याने पडद्यावरूनच येते, त्यांना हे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येणार नाहीत. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

कीबोर्ड

एक राहून गेलं. बारा बटणं गेली, मेसेजमागचे पैसे गेले, १६० ची अडचणही गेली. आज पूर्ण शब्द लिहिणंच सोपं, दोन अक्षरं दाबली की फोन बाकीचा शब्द पुढे करतो. तरी काही जण 'यू' एकाच अक्षरात लिहितात. म्हणजे आता ती गरज राहिलेली नाही, ती ओळख आहे, जवळीक आहे. आणि नवी गोची वेगळीच आहे. 'इट्स' हा शब्द दोन तऱ्हांनी लिहितात, वरच्या स्वल्पविरामासह आणि त्याशिवाय, दोन्हींचे अर्थ वेगळे. माझा फोन नको तिथे ते चिन्ह स्वतःहून घालतो, आणि मी बरोबर लिहिलेलं चुकीचं होऊन जातं. ही चूक कोणाच्या नावावर धरायची?

मृदुला

चार दिवसांनी येतेय. मध्ये बरंच घडलं.

वाटसरू यांचं वाचल्यावर मी तो गठ्ठा पुन्हा काढला आणि या वेळी नुसती खुणांची नोंद केली. लघुरूपं सापडली फक्त तीन पेपरांत. बाकी सगळ्यांत तेच जुने रोग: कर्ता एकवचनी आणि क्रियापद अनेकवचनी, स्वल्पविरामाने जोडलेली दोन स्वतंत्र वाक्यं, 'कुड हॅव'चं कानाने ऐकून लिहिलेलं 'कुड ऑफ'. मी शिकवायला लागले तेव्हा मुलांकडे मोबाइल नव्हते आणि या चुका तेव्हाही होत्या. माझ्या जुन्या नोंदवहीत त्या माझ्याच अक्षरात आहेत.

मग त्या मुलीला बोलावलं. लाल वर्तुळांचा पेपर समोर होता, ती मान खाली घालून बसली. मी विचारलं, निबंध कसा लिहिलास ते सांग. ती म्हणाली, "मॅडम, फोनवर लिहिला. नोट्समध्ये. मग कागदावर उतरवला." घरी टेबल नाही, सगळे झोपल्यावर दिवा लावता येत नाही, म्हणून अंधारात पडल्या पडल्या अंगठ्याने अख्खा निबंध लिहिला होता. सकाळी घाईत उतरवताना काही अक्षरं तशीच कागदावर आली. तिने फोन दाखवला. पाचशे शब्द. दोन परिच्छेद पाडून पुन्हा लिहिलेले. मी जे परिच्छेद न वाचता वर्तुळं काढत गेले होते, ते तिने तीनदा लिहिले होते.

मी तिची माफी मागितली.

मग आम्ही दोघींनी निबंध पुन्हा वाचला. लघुरूपं तिने स्वतःच पाच मिनिटांत दुरुस्त केली, मला एकही दाखवावं लागलं नाही. त्यानंतर उरलं ते मात्र मला त्या रात्री दिसलंच नव्हतं. तिची वाक्यं एकमेकांना धरत नव्हती. एक लहान वाक्य, 'ॲण्ड', दुसरं लहान वाक्य, 'ॲण्ड', तिसरं. प्रत्येक वाक्य म्हणजे एक सुटा मेसेज. बोलताना तिचा मुद्दा चढत जातो, एका गोष्टीमुळे दुसरी होते, तरीही तिसरी होत नाही, हे सगळं ती हातवारे करून सांगते. कागदावर त्या 'मुळे' आणि 'तरीही'ला शब्द नव्हते.

हे मेसेजमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण मेसेजमध्ये हे शिकायची वेळच येत नाही. तिथे समोरचा मध्येच विचारतो, आपण पुढचं सांगतो, 'तरीही' म्हणायची पाळी येत नाही. सलग पाचशे शब्द एकट्याने ओढून न्यायचे तर ते लागतं, आणि ते शिकवणं माझं काम होतं. मी शब्दांच्या शेपटांवर लाल शाई संपवत बसले.

शाईपेन काका, तुम्ही विचारलंत सांगणार कोण. मी सांगणार. पण आधी शेवटपर्यंत वाचणार.

काल तिचा एकच परिच्छेद घेतला. त्यात सहा 'ॲण्ड' होते. मी तिला प्रत्येक ठिकाणी थांबवून विचारलं, इथे तुला काय म्हणायचंय, मराठीत सांग. ती म्हणाली, 'असं असूनही'. मग आम्ही इंग्रजीत 'ऑल्दो' बसवलं. पुढच्या ठिकाणी म्हणाली, 'त्यामुळे'. तिथे 'सो' तिनेच लिहिला, खोडला, आणि 'ॲज अ रिझल्ट' लिहिलं. तिसऱ्या ठिकाणी बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "इथे ॲण्डच बरोबर आहे, मॅडम." ते खरोखरच बरोबर होतं.

तासाभरात एक परिच्छेद झाला. अजून चार आहेत. गुरुवारी पुन्हा बसतोय, आणि या वेळी बाकीच्या दोघांनाही बोलावलंय.

वाटसरू

मृदुलाताई, त्या तिघांना मेल कशी लिहायची तेही दाखवाल का? साधी, कागद मागवायची. मी माझी ती पहिली मेल अजून जपून ठेवलीय. नावं काढून तुम्हाला पाठवतो, वर्गात वापरा.

मृदुला

पाठवा. गुरुवारी त्यापासूनच सुरुवात करते.